"अगदी टीचरसारखी नाचतेस" – मग बेली डान्समध्ये माझी स्वतःची स्टाईल कुठंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार वर्षं बेली डान्स शिकतेय, टेक्निक बऱ्यापैकी बसलंय, स्टेजवरही दोन-तीनदा नाचून झालंय, पण दरवेळी लोक म्हणतात "अगदी तुझ्या टीचरसारखी नाचतेस". ते कौतुकानेच म्हणतात, तरी आता ते खुपायला लागलंय. स्वतःची स्टाईल शोधायची म्हणजे नेमकं करायचं काय, फ्यूजनकडे (बेली डान्समध्ये दुसरे नाच मिसळण्याकडे) वळू का, कॉस्च्यूम बदलू का, आणि यात टीचरला वाईट तर वाटणार नाही ना?

मी गेली एकवीस वर्षं हा नाच करतेय आणि त्यातली तेरा शिकवतेय, त्यामुळे हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, आणि मी स्वतःही तो कधीतरी विचारला होता. उत्तर लांबणार आहे, सावकाश वाचा.

आधी एक सांगते, टीचरसारखं दिसण्यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. चार वर्षं तुम्ही एकाच बाईच्या पाठीमागे उभं राहून, आरशात तिच्याकडे बघत नाचताय. हिप ड्रॉप (कंबर झटक्यात खाली), माया (कंबरेने उभा आठ), शिमी (कंबरेची थरथर) हे तिने शिकवलं म्हणून आलं, पण मान कधी वळते, श्वास कुठे घेतला जातो, हात खाली येताना बोटं आधी येतात की कोपर, हे कुणी शिकवत नाही, ते बघून बघून आपोआप अंगात उतरतं. भाषा शिकताना आधी घरातल्यांचाच हेल येतो ना, तसंच आहे हे. म्हणून आज टीचरसारख्या दिसताय तर याचा अर्थ तुमचं शिकणं नीट झालंय.

पण एकाच घरात शिकलेल्या दोघी सारख्याच नाचतील असंही काही नसतं. बदिया मसाबनीने १९२६ साली कैरोमध्ये आपला नाइटक्लब सुरू केला, आणि आज आपण स्टेजवरचा जो रक्स शर्की (बेली डान्सचं अरबी नाव) ओळखतो त्याला आकार येण्यात त्या जागेचा फार मोठा वाटा आहे. तहिया कारिओका आणि सामिया गमाल या दोघी नर्तकीही तिथूनच पुढे आल्या. आता या दोघींच्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमांतले नाच काढा आणि आवाज पूर्ण बंद करून एकापाठोपाठ एक बघा. तहिया जवळजवळ जागची हलत नाही. एवढ्याशा जागेत उभी राहते, वजन खाली सोडलेलं, कसलीच घाई नाही, आणि सगळं काही कंबरेतच घडतं. सामियाला पूर्ण स्टेज लागतं, ती ओढणी (व्हेल) घेऊन येते, हात लांबवर पसरते, गिरक्या घेते, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जणू वाहत जाते. त्याच काळातली नैमा आकेफ बघितलीत तर ती सर्कसवाल्या घरातली, त्यामुळे तिच्या अंगात वेगळीच लवचिकता आणि खेळकरपणा दिसतो. एकच शहर, साधारण एकच काळ, बरंचसं संगीतही तेच, आणि तरी एकीच्या जागी दुसरी ठेवून बघा, जमणारच नाही. त्यांनी काही नवीन स्टेप शोधली म्हणून असं झालं नाही, फिगर एट (कंबरेने काढायचा आठचा आकडा) सगळ्यांचा तोच आहे. फरक आहे तो कुठे थांबायचं, किती जागा घ्यायची, आणि संगीतातलं काय ऐकायचं यात.

माझ्या मते स्टाईलचं मूळ या ऐकण्यातच आहे, त्यामुळे कामाची सुरुवात कानापासून करा.

अरबी संगीतात एकाच वेळी बरंच काही चालू असतं. खाली तबला ताल धरून असतो (हा आपला तबला नव्हे, दर्बुका), रिक (खंजिरीसारखी) असते, वर व्हायोलिनचा ताफा, मध्येच कानून (तारांचं वाद्य) थरथरतो, नाय (बासरी) श्वासासारखी येते, बलदी (इजिप्तचा लोकवळणाचा प्रकार) असेल तर अकॉर्डियन. हे सगळं एका शरीराने दाखवणं शक्यच नाही, म्हणजे दर क्षणाला तुम्ही काहीतरी निवडता आणि बाकीचं सोडून देता. आत्ता ही निवड तुमची टीचर करतेय, कारण कोरिओग्राफी तिची आहे. तिने जिथे व्हायोलिन ऐकलं तिथे तुम्ही उंड्युलेशन (अंगातून जाणारी लाट) करता आणि तिने जिथे तबल्याचा तेक (हलका, कडक ठोका) पकडला तिथे तुम्ही हिप लॉक (कंबर झटक्यात थांबवणं) करता. तुम्ही दिसता तिच्यासारख्या, कारण तुम्ही ऐकता तिच्या कानाने.

म्हणून एक व्यायाम करा, मी सगळ्यांकडून करून घेते. चार मिनिटांचा एक वाद्यसंगीताचा तुकडा घ्या, त्यावर तुम्ही याआधी कधी नाचलेला नसाल असाच घ्या. दोन-तीन दिवस फक्त ऐका, स्वयंपाक करताना, चालताना, नाचायचं अजिबात नाही. मग त्यावर चार वेळा नाचा, एकदा फक्त तबल्यामागे, एकदा फक्त व्हायोलिनमागे, एकदा कानूनमागे, एकदा नाय किंवा जे गाणारं वाद्य असेल त्याच्यामागे, आणि चारही वेळा मोबाईलवर शूट करा. माझी एक विद्यार्थिनी स्वतःला ड्रम सोलोवाली समजायची, कारण तिचे लॉक खरंच कडक होते आणि टाळ्या त्यालाच पडायच्या. तिचा नायवाला व्हिडिओ लावला आणि आम्ही दोघी गप्पच झालो. वाक्य संपल्यावर ती लगेच पुढे जात नव्हती, सूर विरून जाईपर्यंत छाती वर धरून ठेवत होती आणि मग अगदी सावकाश सोडत होती, हे तिला कुणीही शिकवलेलं नव्हतं, मी तर नाहीच, कारण माझी सवय सूर संपायच्या आतच पुढच्या हालचालीत शिरायची आहे. हे स्वतःला दिसणं फार कठीण असतं, म्हणून व्हिडिओ लागतो आणि शेजारी बसून बघणारं कुणीतरी लागतं.

ऐकायचं म्हणजे थोडा अभ्यासही आलाच, तो टाळू नका. मकसूम हा ताल म्हणजे दुम (जड ठोका) तेक, तेक दुम, तेक. सईदी तालात मधला तेक जाऊन तिथे दुम येतो, दुम तेक, दुम दुम, तेक, आणि तेवढ्याने सगळी चालच बदलते, ती चाल जमिनीची आहे, काठी घेऊन नाचायची आहे. बलदी तालात दोन दुम सुरुवातीलाच येतात. हे कानाला कळत नसेल तर तुम्ही सईदीवर तरंगते हात कराल आणि त्याला माझी स्टाईल म्हणाल, पण ज्याला ताल कळतो त्याला ते फक्त न ऐकलेलं वाटेल. तेच गाण्याच्या शब्दांचं. गाण्याचा अर्थ काढल्याशिवाय त्यावर नाचू नका, विरहाच्या ओळीवर खट्याळ हसणाऱ्या नर्तकी मी कितीतरी पाहिल्यात आणि दरवेळी जीव हळहळतो. नर्तकी सोहेर झकीची ओळखच मुळी इजिप्तची थोर गायिका उम्म कुलसूमच्या गाण्यांवर नाचायची पद्धत सुरू करणारी अशी आहे. तिचा नाच बघा, हालचाली मोजक्याच, अवघड तर फारच थोड्या, पण गाण्यातला एक हुंकारसुद्धा तिच्या कंबरेतून निसटत नाही. मोठी स्टाईल असायला मोठा स्टेपसाठा लागतो हा समज तिच्याकडे बघून गळून पडतो.

आता दुसरा भाग, जो कुणालाच आवडत नाही. मोजणी.

स्वतःचा इम्प्रोव्हायझेशनचा एक व्हिडिओ घ्या, कोरिओग्राफी नको, आणि वही घेऊन बसा. कोणती हालचाल किती वेळा, कोणत्या बाजूने, नजर कुठे, हात रिकामे असताना कुठे जातात, सगळं लिहा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चार मिनिटांत ३१ हिप ड्रॉप निघाले आणि त्यातले २४ उजवीकडचे. वळण घेताना दरवेळी डावा हात डोक्यामागे. आणि दर सरत्या ओळीला उजवं मनगट आतून बाहेर असं वळत होतं, करंगळीपासून सुरू होऊन एकेक बोट उघडत, अंगठा सगळ्यात शेवटी. ते मनगट माझ्या पहिल्या बाईंचं होतं, हुबेहूब, मला ते माझंच वाटत होतं इतकी वर्षं.

या यादीत सवयी आणि स्टाईल एकत्र मिसळलेल्या असतात, त्या वेगळ्या काढायच्या आहेत. सवय बऱ्याचदा कमजोरीतून येते. माझी डावी बाजू कच्ची होती म्हणून सगळं उजवीकडे चाललं होतं, त्यात आवडनिवड कसलीच नव्हती. कुणी मान सतत तिरपी ठेवतं कारण खांदा वर चढलेला असतो, कुणी पाठीला जास्त बाक देतं कारण पोटाचे स्नायू काम करत नसतात, आणि हे नुसतं दिसण्याचं नाही, पुढे जाऊन कंबर धरते. अशा गोष्टींना स्टाईल म्हणून कुरवाळत बसू नका, दुरुस्त करा.

मग ओळखायचं कसं? काढून बघायचं. यादीतली सगळ्यात जास्त वेळा आलेली गोष्ट महिनाभर बंद. पूर्ण बंद, सरावातही नाही. पहिले आठ दिवस फार विचित्र जातात, अंग अडखळतं, जिथे नेहमीची हालचाल यायची तिथे एकदम रिकामी जागा येते, आणि ती रिकामी जागाच कामाची आहे, कारण तिथे शरीर नवीन काहीतरी शोधतं किंवा चक्क थांबतं. महिन्यानंतर ती गोष्ट परत आणायची मोकळीक घ्या. जी नकळत परत घुसते ती सवय, आणि जिथे तुम्हाला वाटतं की नाही, या सुराला हेच हवंय, दुसरं काही चालणारच नाही, तिथे ती तुमची झाली. माझे हिप ड्रॉप ३१ वरून नऊ-दहावर आले. मनगट मात्र परत आलं, आणि पूर्ण कळून-सवरून आलं.

हे सगळं करायला मला सगळ्यात चांगली जागा वाटते ती बलदी. बलदी म्हणजे आपल्या मातीतलं, आपल्या मुलखाचं. बलदी तक्सीममध्ये (तक्सीम म्हणजे वादकाने आयत्या वेळी सुचेल तसं वाजवणं) अकॉर्डियन (कधी सॅक्सोफोन) आधी एकटा बोलतो, ताल नसतो, तुम्ही जेमतेम हलता. मग तबला येतो आणि दोघांची सवाल-जबाब चालू होते, अकॉर्डियन ओढतो, तबला ठोकून उत्तर देतो, आणि हळूहळू लय चढत जाते. यात कोरिओग्राफी टिकतच नाही, वादक समोर असेल तर दरवेळी वेगळंच वाजवणार, आणि स्टेजभर पळायला, गिरक्या घ्यायला वावच नसतो, तुम्ही आणि जमिनीत रुतलेले तुमचे पाय. इजिप्तची नर्तकी फिफी अब्दूला साध्या गलाबियात (लांब सैल झग्यात) बलदी करताना बघा, ती अशी उभी राहते जणू ती जागा तिच्या मालकीची आहे, घाई नाही, लाज नाही, शिमी सुरू झाली की थांबायचं नाव नाही. तुम्ही तिच्यासारखं करू नका, पण आठवड्यातून एकदा, दिवे मंद करून, आरशाला पाठ करून दहा मिनिटं बलदी करा. आरशाला पाठ हे महत्त्वाचं, आरशासमोर आपण सतत स्वतःला टीचरच्या चित्राशी जुळवत राहतो.

फ्यूजनचं विचारलंत. माझं मत थोडं कडक आहे, पण मनापासून सांगते. फ्यूजन करायला दोन गोष्टी नीट याव्या लागतात, एक येत असेल आणि दुसरी वर्कशॉपमधून उचललेली असेल तर ती नुसती सजावट होते. टीचरपासून वेगळं दिसायचं म्हणून फ्यूजनकडे जाणाऱ्या मुली मी पाहिल्यात, दोन वर्षांनी त्या फ्यूजनच्या टीचरसारख्या दिसायला लागतात, कारण ऐकणं तिथेही उसनंच असतं. तुमचा जीव खरोखरच त्या संगीतात असेल तर जरूर जा. जाताना एवढं लक्षात ठेवा की काही प्रकारांचा हेतूच वेगळा आहे. अमेरिकन ट्रायबल स्टाईल (आता तिला एफसीबीडी स्टाईल म्हणतात) कॅरोलेना नेरिचिओने १९८७ पासून सॅन फ्रान्सिस्कोमध्ये उभी केली, ती इशाऱ्यांवर चालणारी सामूहिक इम्प्रोव्हायझेशनची पद्धत आहे, पुढची इशारा देते आणि बाकीच्या तिच्याबरोबर जातात, तिथे सगळ्यांनी एकसारखं दिसणं यातच सौंदर्य आहे. मला तो नाच फार आवडतो, पण तुमचा आजचा प्रश्न तिथे सुटणार नाही. तुर्की ओरिएंटलचं वेगळं, तिथे झिल्स (बोटांत घालायच्या छोट्या झांजा), फ्लोअरवर्क (जमिनीवर बसून-झोपून नाचणं), जास्त चपळाई, आणि रोमा लोकांच्या (तिथे 'रोमन' म्हणतात) नाचातला नऊ मात्रांचा ताल, दोन दोन दोन तीन. तो शेवटचा तीन अंगात शिरायला मला जवळपास वर्ष लागलं होतं. एखादं वर्ष असं दुसऱ्या घरी राहून आलात तर स्वतःचा हेल जास्त स्पष्ट ऐकू येतो, म्हणून शिका जरूर, नाव मात्र प्रामाणिक ठेवा. जे इजिप्शियन नाही त्याला इजिप्शियन म्हणू नका. हा नाच ज्यांचा आहे त्यांनी तो बदनामी झेलत जपलाय, आपण निदान त्याचं नाव तरी नीट घ्यावं.

कॉस्च्यूमबद्दल फार बोलत नाही, तो सगळ्यात शेवटी. फक्त एवढं कळू द्या की कॉस्च्यूम हालचाल बदलतो. मण्यांच्या झालरी हिप थांबल्यावरही हलत राहतात, म्हणून छोटी हालचाल मोठी दिसते, पण थांबा पुसट होतो. साधा अंगासरशी ड्रेस आणि कंबरेला घट्ट बांधलेला स्कार्फ असेल तर थांबा सुरीने कापल्यासारखा दिसतो, आणि चूकही तितकीच स्वच्छ दिसते. लांब घोळदार बाह्या असतील तर हात आपोआप सावकाश होतात. आपल्या नाचाचं काय दाखवायचंय हे कळल्यावर कपडा निवडणं अर्ध्या तासाचं काम आहे. आधी कपडा घेतलात तर पुढची दोन वर्षं त्या कपड्याला शोभेलसं नाचत बसाल.

आता स्टाईल शोधणं एक आणि ती शब्दांत मांडता येणं दुसरं, आणि मांडावी लागते, कारण कार्यक्रमवाले विचारतात, वादक विचारतात, उद्या विद्यार्थिनी विचारतील. पाच-सहा ओळी लिहा. कुठल्या संगीतावर मी सगळ्यात खरी असते. जागा किती घेते. तालाच्या पुढे असते, बरोबर असते की किंचित मागे (हे व्हिडिओत स्पष्ट दिसतं, मी मागे असते आणि पूर्वी याची मला लाज वाटायची, आता मी ते जपते). बघणाऱ्याशी नजर भिडवते की त्याला आत डोकावू देते. आणि मी काय करत नाही, ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. मी स्टेजवर वस्तू घेऊन नाचत नाही, मला तलवार येते, शिकलेय, पण डोक्यावर तोल सांभाळताना माझं ऐकणं बंद पडतं. ही ओळ लिहायला मला नऊ वर्षं लागली आणि ती लिहिल्यावर माझे कार्यक्रम कमी झाले हेही खरंय, पण जे उरले त्यांत मी पूर्ण असते. "सोज्वळ", "एनर्जेटिक", "ग्रेसफुल" असले शब्द मात्र लिहू नका, ते कुणालाही लागू पडतात. आणि दर वर्षी नवीन कागद घ्या, जुना फेकू नका.

किती वेळ लागेल? तुम्ही वरचं सगळं मनापासून केलंत तर सहा-आठ महिन्यांत तुम्हाला स्वतःला फरक दिसेल, लोकांना दिसायला दीड-दोन वर्षं धरा. मधल्या काळात नाच आधीपेक्षा वाईट दिसतो, कारण जुना आधार काढलेला असतो आणि नवीन अजून पक्का नसतो. त्या काळात मोठे सोलो घेऊ नका, छोट्या बैठकीत, ओळखीच्या चार माणसांत नाचा, आणि कुणी "आज काही वेगळंच केलंस" असं थोडं नाराजीने म्हणालं तर ते वहीत तारखेसकट लिहून ठेवा.

राहिला टीचरचा प्रश्न. तिला आधी सांगा, लपवू नका, दुसरीकडे क्लास लावणार असाल तर तेही तिच्या कानावर तुमच्याकडूनच गेलं पाहिजे. बहुतेक टीचर याची वाटच बघत असतात. क्वचित कुणी दुखावते, मलाही एकदा एका विद्यार्थिनीचं लागलं होतं, दोन दिवस, मग तिचा नाच पाहिला आणि ते गेलं.

माझ्या पहिल्या बाईंना मी बारा वर्षांनी माझं बलदी दाखवलं, घरीच, स्पीकर लावून, कॉस्च्यूम नाही काही नाही. त्या सोफ्यावर बसून शेवटपर्यंत बघत होत्या, मध्ये एकदाही मान हलवली नाही त्यामुळे मला काही कळेना. संपल्यावर म्हणाल्या, "ठुमका माझा नाही, चाल माझी नाही, थांबतेस तेही माझं नाही." मग माझं उजवं मनगट हातात घेतलं, करंगळीपासून एकेक बोट उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "हे माझं आहे. राहू दे."